गोल पोस्टर आणि बरकत मियाँचं नाव

संपादकांचं पत्र आलं, "आपल्या कलाजीवनातील काही अनुभव लिहून पाठवावेत." मी ते बायकोला मोठ्याने वाचून दाखवलं. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "कोणाचं पत्र आहे? चुकून आपल्याकडे आलं वाटतं."

तिचं बरोबर आहे. कसलं कलाजीवन? मी दगडावर उलटी अक्षरं काढणारा माणूस. काशीतल्या चौकात लालाजींचा छापखाना होता, तिथे उभा जन्म गेला. तेलाच्या बाटल्यांची लेबलं, वैद्यांच्या मात्रांच्या पुड्या, लग्नपत्रिका, अत्तरवाल्यांचे कागद. आणि वर्षातून एकदा आमच्या संगीत जलशाचं सगळं छापील काम. पोस्टर, हँडबिलं, प्रवेशपत्रिका, स्वयंसेवकांच्या छातीवरचे बिल्ले, घाटावर टांगायचा कापडी फलक, सगळं मीच करायचो. आता मुंबईकडे या कामाला काहीतरी भारी नाव आहे म्हणे, आणि ते करणारे लोक टाय बांधतात. आम्ही त्याला 'जलशाचं काम' म्हणायचो आणि धोतराला शाई पुसायचो.

एक आधीच सांगून टाकतो. माझ्या मराठीत हिंदी शब्द निघाले तर पुणेकरांनी निमूट गिळावेत. आमच्या पाच पिढ्या पंचगंगा घाटावरच्या गल्लीत गेल्या. घरात मराठी, आणि उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं की बनारसी बोलीतलं 'का गुरु'. माझा नातू "आजोबा, मी नहाऊन येतो" म्हणतो आणि मला त्यात काही चुकलंय असं वाटतही नाही.

आता शिळाछाप म्हणजे काय ते सांगतो, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. एक मोठा गुळगुळीत दगड. त्यावर तेलकट शाईने लिहायचं किंवा चित्र काढायचं. मग दगड ओला करायचा. जिथे तेल आहे तिथे पाणी बसत नाही, जिथे पाणी आहे तिथे शाई बसत नाही. शाईचा रूळ फिरवला की फक्त काढलेलं तेवढं काळं होतं. वर कागद ठेवून दाबला, झाली छाप. एवढं साधं. फक्त एक गोम आहे. दगडावरचं कागदावर उलटं उमटतं, म्हणून दगडावर सगळं उलटं काढावं लागतं. मी इतकी वर्षं उलटं लिहिलं की घरी वाण्याची यादी लिहितानासुद्धा हात उजवीकडून सुरू व्हायचा.

अक्षरं उलटी काढायची सवय होते हो, पण चित्राचं भान सुटतं. जलशाचं पहिलंच पोस्टर मी केलं तेव्हा वर मध्यभागी सरस्वती काढली. जीव ओतून काढली. दागिने, कमळ, हंस. हंस थोडा बदकाकडे झुकला होता, पण काशीत हंस पाहिलाय कोणी? दगडावर ती इतकी सुरेख दिसत होती की मी लालाजींनाही दाखवायला आणलं. छाप निघाली आणि पाहतो तर देवी डावखुरी! वीणा उलट्या बाजूला, डावा हात तारांवर. मी अक्षरं सगळी उलटी काढली होती आणि देवीला मात्र सरळ बसवलं होतं.

जलशाचे चिटणीस होते तात्या. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले, आमच्याच गल्लीतले, मला लहानपणापासून ओळखणारे आणि म्हणून माझ्यावर बिलकूल विश्वास न ठेवणारे. त्यांनी पोस्टर हातभर लांब धरलं. "दाम्या, ही देवी काय करते आहे?"

"वीणा वाजवते आहे, तात्या."

"कुठल्या हाताने?"

मी म्हटलं, "देवीला चार हात आहेत, तात्या. वाजवील वाटेल त्या हाताने."

तात्या हसले नाहीत. पण पोस्टरं छापून झाली होती, तेव्हा तीच लागली. जलशाला आलेला एक बीनकार, म्हणजे रुद्रवीणा वाजवणारा, मात्र पोस्टरपाशी अर्धा तास उभा राहिला आणि मला म्हणाला, "भाई, आज बरसों बाद कोई अपना मिला." तोही डावखुरा होता. त्या दिवसापासून मी चूक झाली की आधी थांबून बघतो, ती कोणाच्या उपयोगी पडते का.

पण सांगायचं होतं ते गोल पोस्टराबद्दल आणि बरकत मियाँबद्दल.

बरकत हुसेन दालमंडीत राहायचे. सारंगी वाजवायचे. काशीत जो कोणी मोठा गवई येई, त्याच्या मागे डाव्या हाताला बरकत मियाँ बसलेले असायचे, मान खाली, डोळे मिटलेले. चाळीस वर्षं. त्यांची सारंगी ऐकून मी कामाचे दिवस विसरलोय, जास्त काय सांगू? पण त्यांना कोणी नावाने हाक मारली असं मी ऐकलं नव्हतं. "सारंगी आ गई?" "सारंगी को बुलाओ." "सारंगी को ज़रा पीछे बिठाओ." बस.

एके दिवशी दुपारी ते छापखान्यात आले. तात्यांची चिठ्ठी घेऊन आले होते. चिठ्ठी दिली तरी जाईनात. मी दगड घासत होतो. शेवटी म्हणाले, "पेंटर भैया, एक बात कहूँ? हँसोगे तो नहीं?"

"कहिए ना."

"पिछले साल महफ़िल में किसी ने कहा, सारंगी को भी पान दे दो. तो पान देनेवाला आया और सारंगी पर पान रखकर चला गया."

मी हसलो. सांगितलेलं असूनही हसलो. तेही हसले, पण लगेच थांबले. "भैया, पोस्टर पर सबका नाम छपता है. मरने से पहले एक बार मेरा भी छाप दो. कहीं कोने में. छोटा-सा."

"कैसा छापूँ? पढ़के बताइए, ऐसा चलेगा?" असं म्हणून मी कागदावर त्यांचं नाव लिहून दाखवलं.

त्यांनी कागद नीट पाहिला, मग उलटा करून पाहिला. "पढ़ना मुझे कहाँ आता है, भैया. बस हो, तो बहुत है."

मी म्हणालो, "उसमें क्या है! हो जाएगा." ज्या कामाचा निर्णय आपल्या हातात नाही, त्याला 'हो जाएगा' म्हणायची मला फार जुनी खोड आहे.

तात्यांना विचारलं तर त्यांनी चष्मा काढला. गणिताच्या मास्तरांनी चष्मा काढला की समजायचं, पेपर गेला. "दाम्या, सारंगीचं नाव घातलं की तबला येणार. तबला आला की पेटी. मग तंबोरा धरणारे चार जण. आणि यंदा येणारे खाँसाहेब म्हणणार, माझ्या नावाच्या कागदावर सारंगिया? नको. रीत नाही तशी."

"पण तात्या, एकच ओळ..."

"रीत नाही म्हटलं ना."

आणि त्या वर्षी तात्यांना एका ओळीचा विचार करायला सवडही नव्हती, कारण पोस्टरावरून जलसाच बुडायची वेळ आली होती. झालं काय, तात्यांनी मला गाणाऱ्यांची यादी दिली ती गाण्याच्या क्रमाने. मी ती तशीच उतरवली. आता आमच्या मैफलीची रीत अशी की लहान आधी गातो आणि सगळ्यात मोठा शेवटी बसतो. पण कागदाची रीत उलटी. कागदावर मोठा वर आणि लहान खाली. गणिताचे मास्तर आणि उलटं लिहिणारा मी, दोघांच्या डोक्यात हे आलं नाही. पोस्टरावर सर्वांत वर गल्लीतला नवशिका आला आणि सर्वांत खाली, अगदी तळाशी, पश्चिमेकडून येणारे थोर खाँसाहेब.

नमुना पाहून खाँसाहेबांचा निरोप आला: आम्ही काशीच्या स्टेशनवर उतरणार नाही, गाडीतूनच परत फिरू. मी दगड घासला आणि यादी उलटी केली. आता खाँसाहेब वर आले, आणि त्यांच्याखाली काशीचे पंडितजी. पंडितजी कबीरचौऱ्यात राहायचे. त्यांनी निरोप पाठवला नाही, स्वतःच आले, आणि छापखान्याच्या दारात उभे राहून म्हणाले, "बेटा, हमारे शहर में हम दूसरे नंबर पर?" पुन्हा दगड घासला. दोघांना एका ओळीत आजूबाजूला घातलं. तर उजवीकडे कोण, यावर समितीची बैठक साडेतीन तास चालली. तात्या म्हणाले, वर्णानुक्रमे घाला. त्यात खाँसाहेब पहिले आले आणि पंडितजींच्या शिष्यांनी वर्णमालेवरच शंका घेतली.

चौथ्यांदा दगड घासताना लालाजी माझ्या मागे येऊन उभे राहिले. "दामोदर, पत्थर पतला हो रहा है." मी वैतागून हातातली वाटी दगडावर आपटली. दगडावर वाटीच्या बुडाचा गोल उमटला. बघत राहिलो. आणि मग मला हसू फुटलं.

गोल! नावं गोलात घालायची! चाकाला वर-खाली नसतं. मध्ये वीणा, भोवती आठ नावं, कोणीही पहिला नाही आणि कोणीही शेवटचा नाही. तात्या नमुना पाहून म्हणाले, "दाम्या, तू शाळेत भूमितीत नापास कसा झालास?" समितीने मंजूर केलं. खाँसाहेबांकडे नमुना टपालाने गेला, पंडितजींकडे हाताने गेला. दोघांनीही 'वाह' म्हटलं. कारण साधं होतं. दोघांनीही कागद फिरवून आपलं नाव वर आणून पाहिलं होतं, हे मला नंतर कळलं.

आता माझा गुन्हा. पोस्टरच्या अगदी तळाशी चिमटीएवढी एक पट्टी असायची. तिथे छापणाऱ्याचं नाव: 'मुद्रक: लाला गिरधारीलाल, चौक, काशी'. छापलेल्या प्रत्येक कागदावर छापणाऱ्याचं नाव आणि ठिकाण हवं, असा इंग्रजांचा कायदा होता. तो मला ठाऊक नव्हता असं म्हणणार नाही. पण मला वाटायचं, तो कायदा वर्तमानपत्रांसाठी आणि बाँबवाल्यांसाठी असेल. गाण्याच्या पोस्टरला कोण विचारतंय? आणि लालाजींचं नाव तर काशीतल्या प्रत्येक तेलाच्या बाटलीवर होतं. एकदा नसलं तर काय बिघडलं?

समितीने नमुना पाहून झाल्यावर मी चाकू घेतला, पट्टीतलं सगळं खरवडलं आणि तिथे लिहिलं: 'बरकत हुसेन, सारंगिया, दालमंडी, काशी'. पहिली छाप घेऊन दालमंडीत गेलो आणि बरकत मियाँचं बोट धरून त्या ओळीवर ठेवलं. "यह आप हैं." ते म्हणाले, "इतना लंबा है मेरा नाम?"

आता दगडाचा एक दुर्गुण सांगतो. खरवडलेलं अक्षर गेल्यासारखं दिसतं, पण तेल दगडाच्या पोटात उतरलेलं असतं. नीट खोल घासलं नाही तर पाच-पन्नास ताव ते गप्प पडून राहतं, मग हळूहळू पुन्हा वर येतं. हे मी रोज नवशिक्यांना शिकवायचो. आणि मीच, चोरून काम करायच्या घाईत, वरवर खरवडलं होतं. लालाजींचं नाव नव्या अक्षरांखाली दबलं. पण आधीचा 'मुद्रक:' हा शब्द मोकळ्या जागेत होता. तो शंभरेक ताव गेल्यावर उगवला. माझं लक्ष नव्हतं. मी मधल्या वीणेकडे बघत मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत होतो.

म्हणजे शहरभर पोस्टर लागलं ते असं: 'मुद्रक: बरकत हुसेन, सारंगिया, दालमंडी, काशी'.

आणि लागलं तरी कसं! गोलातली अक्षरं बाहेर डोकं करून असतात, तेव्हा वरचं नाव सरळ दिसतं आणि तळचं उलटं. हे आम्हा कोणाच्याच लक्षात आलं नाही. खाँसाहेबांचे चेले चौकात पोस्टर बघून ओरडले, "हमारे उस्ताद को सिर के बल खड़ा कर दिया!" आणि त्यांनी पोस्टर सोडवून खालचं वर करून लावलं. कबीरचौऱ्यात पंडितजी सरळ होते, तरी खबरदारी म्हणून शिष्य तिथे पहारा देत बसले. सितारियाच्या मोहल्ल्यात पोस्टर उजव्या कुशीवर, ठुमरी गाणाऱ्या बाईंच्या गल्लीत डाव्या कुशीवर. दशाश्वमेधावर साताऱ्याकडची एक यात्रेकरू बाई मान वाकडी करून बघत होती. नवऱ्याला म्हणाली, "अहो, कुणाची पत्रिका मांडली आहे ही? शनी कुठल्या घरात आहे बघा." त्यांच्या तीर्थोपाध्यायांनीही एक क्षण बघितलं हो, मी शेजारी उभा होतो.

ते दिवस चळवळीच्या गडबडीचे होते. भिंतीवर काय चिकटलंय याकडे पोलिसांचं फार लक्ष असायचं. एकच पोस्टर कुठे सरळ, कुठे उलटं, कुठे आडवं. हवालदाराने जाऊन दरोग्याला, म्हणजे ठाण्याच्या फौजदाराला, सांगितलं, ही कसली तरी खूण आहे. दरोग्याने उलटं लागलेलं एक पोस्टर सोडवून आणलं आणि छापणाऱ्याचं नाव शोधलं. सरकारदरबारी अशा नावाचा छापखानाच नव्हता. दालमंडीत गुप्त छापखाना!

जलशाची पहिली संध्याकाळ. शिंदे घाटाच्या वर एका हवेलीचा चौक भरून गेलेला. त्या दिवशी पंडितजी गाणार होते, आणि खाँसाहेब पुढच्याच रांगेत बसले होते, पंडितजींच्या चुका मोजायला. पंडितजी बैठकीवर, मागे बरकत मियाँ सारंगी जुळवताहेत. मी लालाजींच्या शेजारी. एवढ्यात दरोगा आणि दोन शिपाई आत आले. दरोग्याने मोठ्याने विचारलं, "बरकत हुसेन कौन है?"

खाँसाहेबांनी शेजाऱ्याला विचारलं, "कौन बरकत हुसेन?" शेजाऱ्याने खांदे उडवले. तात्यांनी यादी पाहिली. पंडितजी बैठकीवरून म्हणाले, "दरोगाजी, इस नाम का यहाँ कोई नहीं है."

त्यांच्यामागे दोन हातांवर बरकत मियाँ बसले होते. वीस वर्षं त्यांनी पंडितजींच्या प्रत्येक तानेला साथ केली होती.

बरकत मियाँ हळूच उठले. सारंगी छातीशी धरलेली. "हुज़ूर, मैं हूँ."

दरोग्याने पोस्टर त्यांच्यासमोर धरलं. "यह तुम्हारा नाम है?"

"मुझे पढ़ना नहीं आता, हुज़ूर. आप ज़रा पढ़कर सुनाइए. ज़ोर से."

दरोग्याने वाचलं. मला तो 'मुद्रक' शब्द तेव्हा पहिल्यांदा ऐकू आला.

"जी, मेरा ही है," बरकत मियाँ म्हणाले.

"तो यह पोस्टर तुमने छापा?"

"मैंने तो सारंगी बजाई है, हुज़ूर."

"छापा या नहीं छापा? साफ़ बोलो."

बरकत मियाँनी विचार केला. "नहीं कहूँ, तो नाम काट दोगे?"

"बेशक काटूँगा. जिसने छापा उसी का नाम रहेगा."

"तो फिर छापा, हुज़ूर."

चौक हसला. शिपाईसुद्धा हसले. मला हसू येईना. दरोगा म्हणाला, "मशीन कहाँ रखी है?" आणि शिपायाने म्हाताऱ्याच्या दंडाला हात घातला. घरी दोन पोरं होती, नोकरीचं काय होईल ते दिसत होतं. मी सरळ सांगतो, उठायला मला वेळ लागला. पण उठलो. "दरोगाजी, यांनी नाही. मी छापलं," असं मराठीतच बोललो. मग भानावर येऊन हिंदीत सगळं सांगितलं. चाकू, दगड, पोटातलं तेल, सगळं.

लालाजी माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं, आता म्हणतील, छापखान्याला टाळं लागलं तर? ते म्हणाले, "दामोदर, तूने मेरा नाम खरोंच दिया? जलसे के पोस्टर से? मेरी बहू मायके में सबको दिखाती है वह लाइन." त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. तेवढ्याशा पट्टीसाठी दोन माणसं आसुसलेली असतील हे मला कुठे ठाऊक होतं?

मग उलट्या पोस्टरांचा खुलासा तात्यांनी केला. खाँसाहेब आणि पंडितजी दोघेही जमिनीकडे बघत होते. दरोगा हसला नाही, पण मिशी हलली. त्याचा हुकूम झाला: उद्या संध्याकाळपर्यंत शहरातल्या प्रत्येक पोस्टरवर खऱ्या मुद्रकाच्या नावाची पट्टी चिकटवायची. बरकत हुसेनचं नाव झाकायचं. आणि आत्ता दोघांचे जबाब.

शिपायाने रजिस्टर उघडलं. माझा जबाब झाला. मग बरकत मियाँ.

"नाम?"

"बरकत हुसेन."

"पेशा?"

"सारंगी."

"सारंगीनवाज़," दरोग्याने स्वतः अदबीचा शब्द घालून दुरुस्त केलं आणि शिपायाला तसं लिहायला लावलं.

"लिख लिया, हुज़ूर? पढ़िए तो." दरोग्याने वाचलं. "एक बार और." दरोग्याने पुन्हा वाचलं. बरकत मियाँनी अंगठा उठवला आणि विचारलं, "यह किताब कहाँ रहती है?"

"थाने में. ताले में."

"कब तक?"

"हमेशा. सरकारी चीज़ है."

बरकत मियाँ परत जागेवर जाऊन बसले. पंडितजींनी मागे वळून पाहिलं. घसा खाकरला. म्हणाले, "बरकत हुसेन साहब, सुर दीजिए." त्या संध्याकाळी गाणं कसं झालं ते सांगण्याची माझी लायकी नाही. खाँसाहेब चुका मोजायला बसले होते, ते मध्येच दाद द्यायला लागले, आणि बहुतेक दाद सारंगीला होती.

इथे गोष्ट गोड करून संपवता आली असती. पण पुढच्या वर्षीही पोस्टरवर साथीदारांची नावं आली नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. रीत नव्हती. मी दरवर्षी तात्यांना विचारायचो, ते दरवर्षी चष्मा काढायचे. मी भांडायला हवं होतं आणि नोकरीच्या भीतीने भांडलो नाही, याचं मला वाईट वाटतं. लालाजींनी कामावर ठेवलं हेच खूप झालं असं म्हणून गप्प बसलो.

जबाब झाले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी लालाजींच्या नावाच्या पट्ट्या छापल्या, कापल्या, आणि मी निघालो. छापखान्याच्या दारात बरकत मियाँ उभे होते. हातात खळीचं भांडं. "अकेले कहाँ-कहाँ जाओगे, भैया? मैं पकड़ता हूँ."

मी नको म्हटलं, त्यांनी ऐकलं नाही. चौकापासून सुरुवात केली. प्रत्येक पोस्टरपाशी ते विचारायचे, "कहाँ है?" कुठे ओळ वर, कुठे खाली, कुठे बाजूला. मी बोट दाखवायचो. ते तिथे हात ठेवून उभे राहायचे, मग हात काढायचे आणि म्हणायचे, "अब लगाओ." मी पट्टी लावायचो. दुपारपर्यंत आम्ही त्यांचं नाव काशीतल्या बहुतेक भिंतींवरून झाकून टाकलं होतं. आणि ते मला वाटेत कुठली कचोरी चांगली ते सांगत होते.

शेवटचं पोस्टर दालमंडीत, त्यांच्याच गल्लीच्या तोंडाशी होतं. माझ्याच्याने पट्टी उचलवेना. मी म्हटलं, "बरकत मियाँ, यह रहने देते हैं. दरोगा इधर देखने नहीं आएगा."

त्यांनी नावावर बोट ठेवलं आणि पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत हळूहळू नेलं. "नहीं भैया, लगा दो. लालाजी का मुँह देखा था कल? और यह काग़ज़ तो कल-परसों गाय चाट जाएगी, आटे की लेई है. मेरा नाम थाने में है, ताले के अंदर."

मी पट्टी लावली. घाईत एक कोपरा उचललेला राहिला होता. बरकत मियाँनी भांडं खाली ठेवलं, बोटावर थोडी खळ घेतली आणि तो कोपरा स्वतः दाबून बसवला.